बेलापुरात डॅफोडिलला कळी आल्याबाबत

बेलापूर, ता. श्रीरामपूर
बुधवार, दुपार

चिरंजीव जॉय यास,

प्रभुदासदादाचा मनापासून सलाम. (निवृत्तीला टेकलेल्या माणसाला चिरंजीव लिहावं की नाही, यावर मी अर्धा कप चहा घालवला. पण तुला कडेवर घेऊन मी मिशन कंपाउंडभर फिरलेलो आहे, आणि माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टावर तू काय केलं होतंस हे अजून कोणाला लिहून कळवलेलं नाही. तेव्हा चिरंजीवच.)

ताजी बातमी आधी देतो. तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्या एलिझाबेथमावशीच्या ओट्यावर ठेवलेल्या कुंडीत काल सकाळी डॅफोडिलला कळी दिसली. ती कळीच आहे, नुसती पात नव्हे, याला माझी सून मोनिका हिने दुजोरा दिला आहे. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिने भिंग लावून बघितलं. दुसरा दुजोरा शेजारच्या गहिनीनाथचा. त्याचं सगळं आयुष्य कांद्यात गेलं आहे. तो कुंडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "हाय. कळी हाय. पर कांद्याच्या डोंगळ्याची सर न्हाई." एवढ्या तपशिलावरून बातमी पक्की समजायला हरकत नाही.

आता तुमची खुशाली. मावशीची सून आराधना, तिच्या गुडघ्याचं कसं आहे? तुमच्या अकराव्या मजल्याची लिफ्ट बंद पडली होती, ती सुरू झाली का? तुझी शुगर किती आहे ते विचारत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. इकडे आम्ही सगळे सुखरूप. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आहे, पहाटे गारठा आहे आणि दुपारी ऊन डोळ्यांत जातं. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तुझी आई माझा फोन वाजला की तिच्या ओट्यावरून उठून आमच्याकडे येते आणि "स्पीकर लाव" म्हणते, हे तुला ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तू फक्त अंगठा पाठवतोस. अंगठा म्हणजे वाचलं की वाचणार आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. मोनिका उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला प्रशिक्षणाला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देतो. समोर बसवून तुझ्याकडून वाचून घे, असं तिला सांगितलं आहे.

तर अटीप्रमाणे फूल आलं. (येणार, म्हणू. अजून कळी आहे.) गेल्या वर्षी मावशी न्हाणीघरात पडली तेव्हा तू आणि आराधना गाडी घेऊन आलात. आता हिला एकटीला इथे ठेवायची नाही, पुण्याची खोली रंगवून तयार आहे, असं तुम्ही म्हणालात. तेव्हा मावशीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चहाची कपबशी खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "माझ्या ओट्यावर मिससाहेबांचं पिवळं फूल फुललेलं एकदा बघितलं की येते. शब्द देते." तुझा चेहरा तेव्हा कसा उजळला होता. आराधनाने तर तिथल्या तिथे प्रार्थना केली. मी तेव्हा गप्प होतो. का, ते पुढे येईल.

मिससाहेब तुला आठवत नसणार. त्या मायदेशी परतल्या तेव्हा तू झोळीत होतास. मला चांगल्या आठवतात. उंच, उन्हाने लाल झालेल्या, डोक्यावर गवती टोपी आणि पायात पुरुषी बूट. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, फक्त रागावल्या की त्या सगळ्यांना "अहो" म्हणायच्या, कोंबड्यांनासुद्धा. मुलींच्या बोर्डिंगमध्ये मावशी त्यांच्या हाताखाली होती. दर हिवाळ्यात त्यांच्या गावाहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून डॅफोडिलचे कंद यायचे. मग सगळ्या बोर्डिंगला काम लागायचं. प्रवरेच्या काठचा पोयटा मी पाटीतून आणायचो, मावशी तो चाळायची, मिससाहेब गुडघे टेकून एकेक कंद बाळ झोपवावं तसा मातीत ठेवायच्या. पात यायची. हिरवीगार, हातभर. मग फेब्रुवारीचं ऊन लागायचं आणि पात पिवळी पडायची. फूल कधी आलं नाही. एकदाही नाही. मिससाहेब दरवर्षी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी, एलिझाबेथ." जाताना त्यांनी तो डबा मावशीला दिला आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

त्यानंतरची वर्षं तुझ्याही आठवणीत असतील. मावशीने ते कंद उन्हाळ्यात माठाखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवून जगवले, हिवाळ्यात लावले, आणि दरवर्षी त्यातला एखाद-दुसरा कमी होत गेला. तू पाच वर्षांचा असशील. डालड्याच्या डब्याने पाणी घालायचं आणि सकाळी उठल्याबरोबर कळी आली का ते बघून यायचं, ही तुझी नेमणूक होती. एका सकाळी तू ओरडत आलास, "आली! आली!" आम्ही सगळे धावलो. बघतो तर पातीच्या टोकाला नाताळच्या सजावटीतला पिवळा कागद चुरगळून, दोऱ्याने बांधलेला. दोऱ्याची गाठ माझ्या मुठीएवढी. मी हसणार, तेवढ्यात मावशीने माझ्या पायावर पाय दिला. मग तिने आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावून ते फूल दाखवलं. रंगुबाईने (गहिनीनाथची आई; तेव्हा नवी नवरी होती) कागदाला हात लावून सांगितलं, "लई मऊ हाय गं." आठवडाभर त्या कागदाला पाणी घातलं जात होतं. रंग ओघळून पात पिवळी झाली तेव्हा मावशी तुला म्हणाली, आता फुलाचा मोसम संपला.

हे मी विषय सोडून लिहितो आहे असं तुला वाटेल. वाटू दे. सत्तरीला आलं की सरळ लिहिणं जमत नाही. वर्तमानपत्रात होतो तेव्हा संपादक माझ्या मजकुराची शेपटी कापायचे. आता कापणारं कोणी नाही.

ऑक्टोबरात तू काश्मीरहून मागवलेले डझनभर कंद माझ्या नावाने आले. सोबत तुझा छापील कागद. कंद बारा आठवडे फ्रिजमध्ये ठेवणे, कारण त्यांना थंडी लागली असं वाटलं पाहिजे. फ्रिजमध्ये सफरचंद वा केळी ठेवू नयेत, कारण त्यांच्या वासाने कळी आतल्या आत मरते. इंजिनियर माणूस किती बारकाईने विचार करतो याचं मला कौतुक वाटलं. फक्त तुला एका गोष्टीचा विसर पडला. डॅफोडिलचा कंद हा दिसायला कांदा असतो, आणि तू तो कांदा बेलापुरात पाठवला होतास.

भाजीत घातले का, असं तू लगेच विचारशील. नाही घातले. तेवढं सरळ झालं असतं तर पत्र एवढं लांबलं नसतं. आमच्याकडे फ्रिजमधून कांदा काढून कोणी भाजीत घालूच शकत नाही, कारण फ्रिजमध्ये कांदा ठेवणं हाच मुळात अधर्म. कांद्याच्या चाळीत ठेवतील, माळ्यावर पसरतील, पलंगाखाली ओतून त्यावर झोपतील, पण फ्रिजमध्ये नाही. पहिल्याच आठवड्यात रंगुबाई विरजण मागायला आली आणि मोनिकाने फ्रिज उघडला. "अगं बया! कांदं फ्रीजमधी?" एवढंच बोलून ती विरजण न घेता परत गेली. संध्याकाळपर्यंत आळीत दोन मतं पडली होती. बायकांचं मत असं, की प्रभुदासची सून शिकलेली हाय पर तिला घर म्हाईत न्हाई. (मोनिका संगमनेरची, तिचं माहेर निघालं, ते तिला फार लागलं. दोन दिवस मला बिनसाखरेचा चहा मिळाला.) पुरुषांचं मत वेगळं होतं. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेली, माझ्या ओळखी वरपर्यंत. त्याअर्थी मी कांदा जपून ठेवतो आहे म्हणजे भाव कडाडणार.

गहिनीनाथ मागच्या दाराने आला आणि हळूच म्हणाला, "काका, आपलं घरचं हाय म्हनून इचारतो. किती दिस धरू?" मी त्याला सांगितलं की बाबा, हे कांदे नव्हेत, फुलांचे कंद आहेत, तुझ्या एलिझाबेथआजीसाठी. तो माझ्याकडे बघून असा हसला की मीच चोर ठरलो. "व्हय, व्हय. फुलंच," म्हणाला आणि डोळा मारून गेला. त्याने चाळीतला कांदा विकला नाही. त्याचं बघून आणखी चौघांनी विकला नाही. पुढे त्या कांद्याला कोंब फुटले तेव्हा सगळे माझ्या दारात. मी कधी न दिलेल्या बातमीचा खुलासा करायची वेळ माझ्यावर हयातीत पहिल्यांदाच आली.

नाताळात फळांचा प्रश्न. आल्यागेल्याने आणलेली सफरचंदं फ्रिजमध्ये नकोत म्हणून मी ती कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि विसरलो. नव्या वर्षाच्या उपासनेला मी काळा कोट घालून गेलो तेव्हा त्याच्या कुजक्या वासाने पाळकसाहेबांनी दोनदा मान वर करून बघितलं. घरी आल्यावर मोनिकाने कोट वाळत घातला तो आजतागायत बाहेर आहे.

लावणी जानेवारीत केली. माझा हात तुला माहीतच आहे. मी लावलेली तुळस रंगुबाईने तीनदा बदलून दिली आहे. आमच्याकडे कोरफडही वाळते. म्हणून म्हटलं, लावणी गहिनीनाथच्या हाताने करू. त्याचा हात सोन्याचा. तो लगेच आला, चाळीचा राग गिळून आला, हे मोठेपण. मावशी खुर्ची टाकून बसली. मी चहा सांगायला आत गेलो. चहा होईपर्यंत गॅस संपला, सिलिंडर बदललं, आणि मी कपबश्या घेऊन बाहेर आलो तर गहिनीनाथ हातात विळा घेऊन बसलेला, आणि माझ्या कंदांची मुंडकी त्याच्या पायाशी पडलेली.

तुला पुण्यात राहून विसर पडला असेल म्हणून सांगतो. कांद्याचं बी धरायचं असेल तर निवडक कांदा घेतात, त्याचा वरचा भाग कापून टाकतात आणि खालचा लावतात. मग त्यातून डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, जोमाने वर येतात. गहिनीनाथच्या बापाने ते केलं, आज्याने केलं. त्याच्या दृष्टीने मुंडकं न उडवता कंद लावणारा माणूस अडाणी. डॅफोडिलची गोष्ट उलटी. त्याची कळी आधीच कंदाच्या आत, वरच्या अंगाला तयार होऊन झोपलेली असते. गहिनीनाथने अत्यंत मायेने, एकसारख्या हाताने नऊ कळ्यांचे गळे कापले होते. "काका, असं बघा, आता कसं फुटत्यात ते!" मी मावशीकडे बघितलं. ती सारं बघत बसलेली होती. म्हटलं, "मावशी, तुला माहीत होतं ना गं? मिससाहेब कापायच्या का कधी?" मावशी म्हणाली, "त्याचा धंदा आहे तो. मी कशी सांगू?"

उरलेले तीन मी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतले आणि स्वतः लावले. म्हणजे उलटे लावले. मोनिकाने सुलटे केले. त्यातला एक जास्त पाण्याने कुजला. (पाणी मी घालत होतो, मोनिका घालत होती, आणि रंगुबाई येता-जाता तांब्या ओतत होती. तिचा तांब्या आमच्या दोघांपेक्षा मोठा.) दुसऱ्याला नुसती पात आली. तिसऱ्याला काल कळी.

ओट्यावरच्या त्या कुंडीची व्यवस्था सध्या अशी आहे. सकाळचं कोवळं ऊन दाखवून ती आत नेतात. दुपारी माठाशेजारी. पाणी बेताचं. रंगुबाईची शेळी परवा दावं सोडून थेट कुंडीकडे आली. नेमकी तिच्याकडेच कशी आली, हा प्रश्न वेगळा. पाच पावलांवर शेळी असताना माझ्या आधी मावशी उठली. काठी न घेता उठली, जॉय. पदर खोचून, "हो! हो!" करत तिने शेळीला फाटकापर्यंत पिटाळलं आणि मग धापा टाकत कुंडीला कवटाळून बसली. तुझी आई पडते म्हणून तुला काळजी. त्या दिवशी पळताना तिला कोणी बघितलं असतं तर शेळीची काळजी केली असती.

तर सगळी हकिगत ही अशी. तुझे कंद, तुझा कागद आणि आमची मेहनत फळाला आली. ठरल्याप्रमाणे तू रविवारी गाडी घेऊन ये. उपासना झाली की जेवून निघा. आराधनाला आशीर्वाद.

तुझा दादा,
प्रभुदास

ता. क. – मोठी गाडी आणू नकोस. सामान फारसं नाही. कळी दिसल्यावर मावशीने चष्मा लावून ती नीट बघितली, "आली म्हणायची," म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून ती घर वाटत सुटली आहे. मोठा कुकर मोनिकाला. कोंबड्या रंगुबाईला. शिवणयंत्र चर्चच्या महिला मंडळाला. एक पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. त्यात दोन लुगडी, गीतांचं पुस्तक आणि मिससाहेबांचा तो बिस्किटांचा डबा. मी म्हटलं, "मावशी, घाई काय आहे? अजून उमललेलं नाही." तर म्हणाली, "मी बोलले होते, प्रभुदास. लेकाला शब्द देऊन फिरणारी बाई मी नव्हे." तिच्या डोळ्यांत पाणी असतं तर बरं झालं असतं. नव्हतं.

ता. क. दुसरा – रंगुबाईच्या शेळीचा प्रश्न मी वर अर्धवट सोडला आहे. तो मिटला. तिने स्वतःच सांगितलं. दावं तिनेच सोडलं होतं. एवढंच नाही, त्याआधी तीन शनिवार ती शिंगणापूरला जाऊन तेल वाहून आली, की या फुलाला कळी येऊ नये. मी म्हटलं, अगं रंगुबाई, मग आली कशी? म्हणाली, "मला मेलीला त्याचं नाव कुठं येतंय? मी आपलं 'ते इंग्रजी फूल' म्हनले. देवाला काय कळावं कंचं?" मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "पन्नास वरसं भांडलो आमी. आता भांडू कुनाशी?" मावशीला हे कळलं तेव्हा तिने रंगुबाईला बोल बोल बोलून घेतलं. तिला शेळीचा राग आला होता. शिंगणापूरच्या तेलाबद्दल मात्र काही बोलली नाही. फक्त विचारलं, "गोडं तेल नेलं होतंस की तिळाचं?"

ता. क. तिसरा – आता मी तेव्हा गप्प का होतो ते. अट ऐकली आणि मी ओळखलं, की हे नऊ मण तेल जळायचं नाही आणि राधाही नाचायची नाही. जे फूल मिससाहेबांना इतक्या वर्षांत फुलवता आलं नाही, ते फुललं की येते, असं मावशीने म्हटलं. तुझं मन न मोडता ती नाही म्हणाली होती. मला कळलं, गहिनीनाथला कळलं, माझ्या मते शेळीलाही कळलं. तुला एकट्याला कळलं नाही, कारण तू फ्रिजचा विचार करत होतास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू कागदाचं फूल बांधणारा मुलगा; आईला फूल पाहिजे म्हटल्यावर तू आणणारच. मीही एवढ्या उत्साहाने सगळं केलं, कारण माझ्या हाताला काही येत नाही याची मला खात्री होती. चाळीस वर्षांत मी लावलेलं हे पहिलं झाड जगलं. बघ कुठे जगलं.

ता. क. चौथा, आणि खरं तर पत्र एवढ्यासाठीच – तिला शब्दातून मोकळं कर. ती स्वतः मागणार नाही. मी बोललो तर मलाच घराबाहेर काढेल. दिलेला शब्द ज्याला दिला त्यानेच सोडायचा असतो. तू फोन करून एवढंच म्हण, की आई, फूल बघायला आम्ही येतो, तू कुठे जायचं नाही. तुला अडचण वाटत असेल तर कारण मी सुचवतो. अट ओट्यावर फुलण्याची होती. हे फूल बारा आठवडे फ्रिजमध्ये राहून आलेलं आहे, ते आमच्या हवेचं नव्हेच, सबब अट पूर्ण झाली असं मानता येणार नाही. ती हे ऐकून रागावेल आणि मग मान्य करेल. तुझी काळजी खरी आहे, ती मी मोडीत काढत नाही. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून झाले, खालची फरशी बदलून खरबरीत घातली. मोनिका रात्री तिच्याकडेच झोपायला जाईल. तसं तिने आपणहून सांगितलं आहे, मी सांगितलेलं नाही. दर महिन्याला तू ये. अकराव्या मजल्यावर मावशीला कोणाची शेळी हाकलायला मिळणार आहे?

ता. क. शेवटचा – पाकीट बंद करत होतो तेवढ्यात रंगुबाईची आरोळी आली, "मेली! मेली!" सगळे धावलो. कळीने मान खाली टाकली होती. सकाळपर्यंत ताठ उभी होती, आता दांड्याच्या टोकाला वाकून जमिनीकडे बघत होती. रंगुबाईने देवाला हात जोडले. गहिनीनाथ म्हणाला, पाणी जास्त झालं. मावशी खाली बसली आणि तिने कळीच्या खाली तळहात धरला, टेकू दिल्यासारखा. मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?" ती म्हणाली, "साठ वर्षांत एवढ्या जवळ कधी आलं नव्हतं रे." मग मोनिकाने शोधून पाहिलं आणि सांगितलं, की ही मेलेली नाही, डॅफोडिल उमलायच्या आधी अशीच मान वळवतं. पापुद्रा एका बाजूने चिरला आहे आणि आतून पिवळी रेघ दिसते आहे. मावशीने तळहात अजून काढलेला नाही. फूल शनिवारपर्यंत पूर्ण उघडेल असा अंदाज आहे. तुझा फोन त्याआधी येईल, अशी अपेक्षा आहे.